यादीत नाव नसलेला फॉरवर्ड : कॉलेज आइस हॉकीनंतरची वाट



आजचा पाठ जरा लांबच्या देशातला आहे. हॉकी म्हटलं की आपल्याला हिरवं मैदान आणि मेजर ध्यानचंद आठवतात. पण हा पाठ बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीचा आहे. त्यातही तिथल्या बड्या खेळाडूंचा नाही. कॉलेजात चांगला खेळलेला, पण निवडीच्या यादीत कुणीच नाव न घेतलेला जो आघाडीचा खेळाडू असतो, त्याचं पुढे काय होतं, हा आपला विषय.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगते. गेल्या वर्षी आमच्या सातवीतल्या एका मुलाचं नाव कबड्डीच्या निवड यादीत आलं नाही. पोरगा चपळ आहे, पण अंगाने बारीक. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, संपलं बघा त्याचं. आता खेळबिळ बंद, अभ्यासाला लावतो." मुलगा शेजारीच उभा होता, खाली मान घालून. मला पटकन काही बोलता आलं नाही. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला. तो मुलांना घेऊन तिथल्या संघाचा आइस हॉकीचा सामना पाहून आला होता. मी सहज विचारलं, "हे फार मोठे खेळाडू असतात का रे?" तो म्हणाला, "नाही गं ताई, ही दुसऱ्या पायरीची लीग. यातले बरेचसे अजून वरून बोलावणं येण्याची वाट बघतायत." ही वाट बघणारी माणसं कोण, हे शोधायला मी लागले आणि त्यातून हा पाठ तयार झाला.

आधी व्यवस्था समजून घेऊ

सगळ्यात वर एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्यात ३२ संघ आहेत. तिच्या खाली एएचएल, अमेरिकन हॉकी लीग. ही १९३६ पासून चालू आहे आणि तिच्यातही ३२ संघ आहेत. वरच्या प्रत्येक संघाला खाली एक जोडीदार संघ असतो. क्लीव्हलँडचा संघ हा कोलंबसच्या एनएचएल संघाचा जोडीदार. तिच्याही खाली ईसीएचएल, १९८८ साली सुरू झालेली. तिच्यात तिशीच्या आसपास संघ आहेत. त्याहूनही खाली आणखी छोट्या लीग आहेत. म्हणजे आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग अशी उतरंड असते तशीच, फक्त इथे प्रत्येक पायरीवर पगार मिळतो.

वरच्या पायरीवर जाण्याचा सरळ रस्ता म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी उन्हाळ्यात सगळे संघ आळीपाळीने तरुण खेळाडूंची नावं घेतात. सध्या सात फेऱ्या होतात, म्हणजे ३२ गुणिले ७, एकूण २२४ नावं. (वर्गात हा गुणाकार मुलांकडून करून घ्या.) मुलगा साधारण अठरा वर्षांचा झाला की पात्र ठरतो आणि उत्तर अमेरिकेतला खेळाडू वीस वर्षं ओलांडून गेला की त्याचं नाव या यादीत येतच नाही. मग तो मोकळा. कुठलाही संघ त्याच्याशी करार करू शकतो, पण कुणावरही तसं बंधन नसतं.

इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निवड होते ती अठराव्या वर्षी. शरीर अठराव्या वर्षी पूर्ण होतंच असं नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की तिथल्या वरच्या दर्जाच्या कुमार संघांत जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेली मुलं नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कारण काय? तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटातली दोन मुलं जवळजवळ वर्षभराने लहान-मोठी असू शकतात. मोठं दिसणारं मूल निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि मग ते खरोखरच पुढे जातं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या खेळाडूंची ड्राफ्टमध्ये जी किंमत होते, त्याहून त्यांचा पुढचा खेळ चांगला निघतो. आपल्या पहिलीच्या वर्गात ३१ डिसेंबरच्या हिशोबाने आलेली मुलं आठवा. कोण "हुशार" आणि कोण "मागे" हे ठरवताना आपण हजेरीपटातली जन्मतारीख कधी बघतो का? मी तरी बरीच वर्षं बघत नव्हते.

कॉलेज संपल्यावर काय होतं

यादीत नाव न आलेला मुलगा कॉलेजात जातो. तिथलं कॉलेज हॉकी जोरदार असतं. पहिल्या श्रेणीत साठच्या वर कॉलेजं आहेत. चार वर्षं खेळून तो बावीस-तेवीस, कधी चोवीस वर्षांचा होतो. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजचा हंगाम संपतो, तेव्हा एएचएलचा हंगाम अजून चालू असतो. मग एखादा संघ त्याला "या, थोडे दिवस खेळून दाखवा" म्हणून बोलावतो. ही झाली चाचणी. ती बरी गेली तर कराराची गोष्ट निघते.

आणि करार दोन प्रकारचे असतात, हे कळल्याशिवाय त्याचं भवितव्य कळत नाही. पहिला करार थेट एनएचएल संघाशी. त्यात दोन पगार लिहिलेले असतात, वर खेळलास तर एवढा आणि खाली खेळलास तर एवढा. वरचा किमान पगार २०२४-२५ मध्ये वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर होता, खालचा त्याच्या कितीतरी कमी. वर जेवढे दिवस राहाल तेवढ्याच दिवसांचा वरचा दर. दुसरा करार फक्त एएचएल संघाशी. अशा खेळाडूला वरचा संघ नुसता फोन करून बोलावू शकत नाही, आधी नवा करार करावा लागतो. उलट त्याला ईसीएचएलला मात्र सहज पाठवता येतं. वरच्या संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० करार ठेवता येतात, त्यामुळे पहिल्या प्रकारचा कागद फार जपून दिला जातो.

मी स्वतः शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढली आहेत. काम तेच, फळा तोच, मुलं तीच, फक्त पगारपत्रक वेगळं. त्यामुळे हा दोन पगारांचा करार मला समजावून सांगावा लागला नाही!

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याच्या हिशोबाने मिळतो आणि राहायची सोय संघ करतो. प्रवास बहुतेक बसने. एएचएल आणि ईसीएचएल दोन्हीकडे हंगामात ७२ सामने असतात आणि शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांत तीन सामनेही येतात. कॉलेजात हंगामाचे पस्तीस-चाळीस सामने आणि मध्ये आठवडाभर विश्रांती-सराव. म्हणजे कष्ट एकदम दुप्पट. पहिल्या वर्षी बरेच जण डिसेंबर-जानेवारीत गळपटतात ते उगीच नाही.

फॉरवर्डची खास अडचण

संघात साधारण बारा फॉरवर्ड सामन्याला उतरतात, तिघा-तिघांच्या चार फळ्या करून. पहिल्या दोन फळ्यांकडे गोल करण्याचं काम. तिसऱ्या-चौथ्या फळीकडे समोरच्याला अडवण्याचं, दमवण्याचं काम. कॉलेजात जो मुलगा पहिल्या फळीत असतो, भरपूर गोल करतो, तो एएचएलमध्ये आला की बहुधा चौथ्या फळीत बसतो. कारण पहिल्या दोन फळ्यांत ड्राफ्टमध्ये निवडलेली मुलं असतात. संघाने त्यांच्यावर आपली निवड खर्च केलेली असते, त्यामुळे संधीही त्यांनाच आधी आणि चूकही त्यांचीच आधी माफ. न निवडलेल्याला दोन वाईट सामने पुरतात.

एएचएलचा एक नियम मात्र त्याच्या बाजूने आहे. अलीकडच्या नियमानुसार सामन्यात उतरलेल्या १८ खेळाडूंपैकी (गोलकीपर सोडून) १३ जण कमी अनुभवाचे असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे हंगामाच्या सुरुवातीला व्यावसायिक सामने २६० च्या वर गेलेले नसावेत. म्हणजे नव्या मुलाला दार उघडं राहतं. पण तीन-चार हंगाम झाले की हाच नियम उलटा फिरतो. मग तो "अनुभवी" होतो आणि अनुभवींच्या मोजक्या जागांसाठी वरून खाली आलेल्यांशी भांडावं लागतं. म्हणून वयाची २७-२८ वर्षं ही त्याची खरी परीक्षा.

मग कोण टिकतो? मला वाचून जे कळलं त्यावरून सांगते. नुसते गोल करणारा टिकत नाही. आपला संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळत असताना बचाव करणारा, कडेच्या फळीला धडकून चकती काढून आणणारा, आणि मुख्य म्हणजे बर्फावर वेगाने सरकणारा टिकतो. चौथ्या फळीतली आठ-दहा मिनिटं जो नीट वापरतो, त्याला हळूहळू बारा मिळतात.

मार्टिन सेंट लुईचं उदाहरण

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात लावाल नावाचं शहर आहे. तिथे जून १९७५ मध्ये मार्टिन सेंट लुईचा जन्म झाला. उंची साधारण पाच फूट आठ इंच, म्हणजे या धडकाधडकीच्या खेळात अगदीच कमी. १९९३ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला. तेव्हा ड्राफ्टमध्ये ११ फेऱ्या होत्या आणि २८६ नावं पुकारली गेली. त्याचं नव्हतं. पुढेही आलं नाही.

तो अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात गेला. चार वर्षांत १३९ सामने आणि २६७ गुण. (या खेळात गोल केला तरी एक गुण आणि गोलला मदत केली तरी एक गुण.) १९९६ मध्ये त्याचं विद्यापीठ देशातल्या शेवटच्या चार संघांत पोचलं. तरीही १९९७ मध्ये कॉलेज संपल्यावर ओटावाच्या संघाने शिबिराला बोलावून परत पाठवला. मग तो क्लीव्हलँडच्या तेव्हाच्या संघाकडून आयएचएल नावाच्या लीगमध्ये खेळला. ती लीग आता बंद झाली. तिथे ५६ सामन्यांत ५० गुण. ते पाहून फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅलगरी फ्लेम्सने करार केला आणि खालच्या सेंट जॉनच्या संघात पाठवलं. १९९८-९९ मध्ये तिथे ५३ सामन्यांत ६२ गुण.

१९९९-२००० च्या हंगामात वर कॅलगरीकडून ५६ सामने मिळाले. गुण किती? १८. त्याला मुख्यतः खालच्या फळीत, अडवण्याच्या कामाला ठेवलं होतं. २००० च्या उन्हाळ्यात दोन नवे संघ सुरू होत होते. त्यांना इतर संघांचे खेळाडू उचलता येणार होते, कॅलगरीने त्याला राखलं नाही आणि त्या नव्या संघांनीही त्याला घेतलं नाही. शेवटी कॅलगरीने पैसे चुकते करून त्याला मोकळं केलं. वय वर्षं पंचवीस.

टँपा बेच्या संघाने त्याला घेतलं. पुढे २००३-०४ मध्ये ८२ सामन्यांत ९४ गुण, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही. त्याच वर्षी संघाने स्टॅनली कप जिंकला. २०१३ मध्ये सदतिसाव्या वर्षी त्याने पुन्हा सर्वाधिक गुण मिळवले, एवढ्या वयात हे कुणीच केलेलं नव्हतं. २०१८ मध्ये हॉकीच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली. सध्याच्या पिढीला तो माँट्रियल संघाचा प्रशिक्षक म्हणून माहीत आहे.

पण इथेच थांबू नका

शिक्षक मित्रांनो, आपली एक सवय आहे. एक यशस्वी माणूस धरायचा आणि मुलांना सांगायचं, "बघा, तोही नापास झाला होता!" मुलं माना डोलावतात आणि मनातून ओळखतात की सगळेच काही तसे होत नाहीत. म्हणून सेंट लुईसोबत मी दुसरं नावही सांगते, एरिक पेरँ.

हाही लावालचाच. हाही १९७५ चा, पण नोव्हेंबरचा. हाही बुटका फॉरवर्ड. दोघं व्हरमाँटला एकत्र गेले, एकत्र खेळले, दोघांनी गुणांचा पाऊस पाडला, दोघांचंही ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही आणि दोघंही क्लीव्हलँडला गेले. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. पेरँ छोट्या लीगमधून युरोपात, फिनलंडला गेला. २००३-०४ मध्ये परत येऊन एएचएलमध्ये हर्शीकडून खेळला आणि हंगामाच्या शेवटी टँपा बेने त्याला वर बोलावलं, जुन्या मित्राच्याच संघात. नेहमीच्या हंगामात चारच सामने मिळाले, पण कप जिंकणाऱ्या त्या संघासोबत तो बाद फेरीतही खेळला. नंतर स्वित्झर्लंड, मग २००६ ते २००९ पुन्हा एनएचएल, नंतर पुन्हा फिनलंड. एनएचएलमध्ये एकूण २४५ सामने. सेंट लुईचे ११३४. पेरँ २०१२ मध्ये फिनलंडचा विजेता झाला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

त्याला यशस्वी म्हणायचं की नाही? माझ्या मते नक्कीच म्हणायचं. चांगल्या कॉलेज फॉरवर्डचं वास्तवातलं भवितव्य पेरँच्या जास्त जवळ जातं, आणि तेही नशीब चांगलं असेल तर. बऱ्याच जणांना तेवढंही मिळत नाही. दोन-तीन वर्षं ईसीएचएल आणि एएचएलमध्ये ये-जा, मग युरोपातली एखादी लीग किंवा प्रशिक्षकाची नोकरी, किंवा कॉलेजातल्या पदवीवर सरळ दुसरं काम. म्हणून तिथे घेतलेली पदवी हा दुय्यम मुद्दा नाही. आपल्याकडच्या पालकांना "खेळ की अभ्यास" असा एकच प्रश्न पडतो, तिथल्या कॉलेजची वाट दोन्ही सोबत चालू ठेवते.

अलीकडचंही एक उदाहरण आहे, कॉनर शीअरी. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा, हाही पाच फूट आठ इंचाचा. २०१४ मध्ये त्याला फक्त एएचएलचा करार मिळाला, विल्क्स-बॅरीच्या संघाशी. म्हणजे वर सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा, कमी दर्जाचा कागद. पहिल्या हंगामात ५८ सामन्यांत ४५ गुण केले, तेव्हा २०१५ मध्ये पिट्सबर्गने एनएचएलचा करार दिला. जून २०१६ मध्ये अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल त्याचा होता. म्हणजे पहिला कागद कोणता हे महत्त्वाचं असतं, पण पहिल्या वर्षात त्या कागदाचं काय केलं हे जास्त.

वर्गात कसा घेतला

मी हा पाठ सातवीला गणिताच्या तासाला घेतला, सरासरी शिकवताना. फळ्यावर पाच ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी दर सामन्याला किती गुण ते काढायला सांगितलं.

व्हरमाँट : १३९ सामने, २६७ गुण
क्लीव्हलँड : ५६ सामने, ५० गुण
सेंट जॉन : ५३ सामने, ६२ गुण
कॅलगरी : ५६ सामने, १८ गुण
टँपा बे : ८२ सामने, ९४ गुण

उत्तरं अनुक्रमे सुमारे १.९२, ०.८९, १.१७, ०.३२ आणि १.१५ येतात. दशांश अपूर्णांकांचा भागाकार मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण या वेळी कुणी कंटाळलं नाही, कारण प्रत्येक उत्तरामागे "मग त्याचं काय झालं?" हा प्रश्न होता. एका मुलीने स्वतःहून हेरलं की क्लीव्हलँड आणि कॅलगरीचे सामने सारखेच आहेत, ५६, मग एकीकडे ५० आणि दुसरीकडे १८ का? मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. "वरचे खेळाडू जास्त तगडे", "त्याला कमी वेळ खेळवलं", "त्याला दुसरंच काम दिलं" अशी उत्तरं आली. तिन्ही बरोबर आहेत. एका आकड्यावरून माणूस ठरवू नये, हे मला सांगावंच लागलं नाही. तुम्ही घेताना कॅलगरीची ओळ आधी एकटी लिहा आणि "या खेळाडूला तुम्ही संघात ठेवाल का?" असं विचारून हात वर करायला लावा. बाकीच्या चार ओळी नंतर. आमच्याकडे जवळजवळ कुणीच हात वर केला नव्हता.

तो कबड्डीवाला मुलगा शेवटच्या बाकावर होता. त्याने हात वर केला नव्हता आणि खाली ठेवल्याचाही आव आणला नव्हता, वहीत काहीतरी गिरवत होता. तास संपताना त्याने विचारलं, "बाई, ज्या संघाने त्याला काढून टाकलं, त्यांच्याशी तो परत कधी खेळला का?"

खेळला. २००४ च्या त्याच अंतिम मालिकेत समोर कॅलगरीच होती. ५ जूनला सहावा सामना कॅलगरीच्याच मैदानावर झाला. कॅलगरी मालिकेत तीन-दोनने पुढे होती, हा सामना जिंकला असता तर कप त्यांचा. बरोबरी झाली, जादा वेळ झाला, तरी निकाल नाही. दुसरा जादा वेळ सुरू झाला आणि तेहेतिसाव्या सेकंदाला सेंट लुईने गोल केला. दोन दिवसांनी सातवा सामना टँपाने जिंकला.

मुलाने "हं" म्हटलं आणि दप्तर उचललं. संध्याकाळी मैदानावर कबड्डीचा सराव असतो. त्याचे वडील त्याला अजून पाठवत नाहीत, पण मागच्या सोमवारी कुंपणाबाहेर सायकल टेकवून ते दोघंही सराव बघत उभे होते.